एर्मेसने आवाज न वाढवता परफ्यूम कसं विकलं: एक प्रकरण अभ्यास

एर्मेस, म्हणजे पॅरिसची महागड्या चामड्याच्या वस्तूंची कंपनी, म्हटलं की आपल्याकडे त्यांची बर्किन बॅग आठवते, नारिंगी डबा आठवतो, आणि किंमत ऐकली की माणूस विषय बदलतो. पण मला या कंपनीत सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते त्यांचं परफ्यूमचं खातं, कारण 2003 ते 2016 या काळात त्यांनी तिथे जे केलं ते त्या वेळच्या मार्केटच्या बरोबर उलट होतं. आणि ते नुसतं 'आमची टेस्ट भारी' म्हणून झालं नाही, त्यामागे दोन-तीन धंद्याचे निर्णय होते जे कुठल्याही छोट्या-मोठ्या ब्रँडवाल्याने बघावेत असे आहेत. कंपनी आणि माणसं सगळी उघड माहितीतलीच आहेत म्हणून नावं घेतोय, बाकी आतल्या मीटिंगमध्ये कोण कोणाला काय बोललं या फंदात पडत नाही.

पार्श्वभूमी

1837 साली पॅरिसमध्ये थिएरी एर्मेस नावाच्या माणसाने घोड्यांचे साज बनवायचं दुकान काढलं. मग खोगीर, मग बॅगा, मग रेशमी स्कार्फ, असा तो प्रवास. परफ्यूम बऱ्याच उशिरा आलं, 1951 मध्ये, 'ओ देर्मेस', आणि ते केलं एदमों रुदनित्स्का या माणसाने. रुदनित्स्का म्हणजे पुढे दिओरसाठी 'दिओरिसिमो' आणि 'ओ सोवाज' करणारा, या क्षेत्रातला दादा माणूस. 'ओ देर्मेस'ची कल्पना अशी की एर्मेसची बॅग उघडली आणि आतल्या चामड्यात कुठल्यातरी सेंटचा वास रेंगाळतोय. लिंबूवर्गीय फळं, मसाले, चामडं, आणि त्यात जिऱ्यासारखा एक घामट पदर जो आपल्याला लगेच ओळखू येतो, कारण फोडणी काय आणि उन्हाळ्यातली लोकल काय, दोन्ही आपल्या नाकाला पाठ आहेत.

त्यानंतर 1961 ला 'कालेश' आलं, 1970 ला 'एकिपाज', 1974 ला 'आमाझोन', 1995 ला '24 फोबुर'. प्रत्येक चांगलं, काही तर क्लासिकच. पण एकेक वेगळ्या माणसाने, वेगळ्या काळात, वेगळ्या मूडमध्ये केलेलं. ही बाटल्यांची रांग समोर मांडली आणि लेबलं झाकली तर ही सगळी एकाच घरची आहेत असं कोणी म्हणणार नाही. बॅगेचं तसं नव्हतं, बॅग लांबून ओळखू यायची.

अडचण नक्की काय होती

हे समजायला त्या वेळी परफ्यूम कसं बनायचं ते आधी बघायला लागेल (आजही बहुतेक तसंच बनतं).

फॅशन कंपनी स्वतः परफ्यूम बनवत नाही. ती एक ब्रीफ काढते, म्हणजे एक-दोन पानांचं वर्णन, 'आत्मविश्वास असलेली, मोकळी, शहरातली, तिशीतली बाई' टाइप. हे ब्रीफ जातं जिव्होदाँ, फर्मेनिश, आयएफएफ अशा मोठ्या वास बनवणाऱ्या कंपन्यांकडे. तिथले परफ्यूमर नमुने करतात, एकमेकांशी स्पर्धा करतात, शॉर्टलिस्ट होते, मग बाहेरच्या लोकांना गोळा करून त्यांना वास देऊन मार्क घेतले जातात, ज्याला कन्झ्युमर टेस्ट म्हणतात. जिथे मार्क कमी तिथे थोडी साखर वाढव, थोडं फळ घाल, मस्क म्हणजे कस्तुरीसारखा वास वाढव. ज्याने ते केलं त्या परफ्यूमरचं नाव बाहेर कुठेच नाही, बाटलीवर डिझायनरचं नाव आणि जाहिरातीत हिरोईनचा चेहरा.

या पद्धतीतून वाईट माल येतो असं नाही, पण पंगतीतल्या भाजीसारखं होतं, शंभर जणांत कोणालाच तिखट लागू नये म्हणून केलेली, सगळे खातात आणि घरी जाऊन कोणाला आठवत नाही.

मार्केट पण तेव्हा जोरात होतं. 1985 चं 'पॉयझन', 1992 चं 'एंजल', माणूस लिफ्टमधून उतरून गेला तरी वास लिफ्टमध्येच. पुरुषांच्या बाजूला 1988 च्या 'कूल वॉटर'पासून सगळं निळं, समुद्र, लाटा, ओला दगड, उघड्या छातीचा मॉडेल. आणि बाजारात दरवर्षी नवीन लाँच इतके वाढत चाललेले की दुकानातल्या मुलीला पण नावं पाठ राहात नसतील.

या गर्दीत एर्मेसची अडचण दुहेरी होती. एक, परफ्यूमचा धंदा शनेल किंवा दिओरच्या मानाने फार छोटा. दोन, आणि ही जास्त अवघड, यांच्या बाकीच्या मालाचं सगळं वजन न ओरडण्यात होतं. बॅगेवर मोठा लोगो नाही, शिवण बघून ओळखायचं. मग परफ्यूम ओरडणारं काढलं तर विकलं जाईल कदाचित, पण ते त्याच घरचं वाटेल का? आणि हळू बोलणारं काढलं तर त्या काउंटरवर, जिथे शंभर बाटल्या एकदम नाकावर येतात, तिथे त्याचं कोण ऐकणार?

समोर कुठले पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सोपा आणि बिनकष्टाचा, लायसन्स देऊन टाका. बऱ्याच फॅशन हाउसनी हेच केलंय, परफ्यूमचे हक्क लॉरेआल किंवा कोटीसारख्या कंपनीला द्यायचे, ते बनवणार, ते जाहिरात करणार, ते जगभर ड्युटी फ्रीमध्ये लावणार, आपल्याला रॉयल्टी. पैसा सुरक्षित. पण मग काय बनेल यावरचा ताबा गेला. एर्मेसने परफ्यूम आधीपासून स्वतःकडेच ठेवलेलं, नॉर्मंडीत ल वोद्रईला त्यांचा स्वतःचा कारखाना आहे, त्यामुळे हा पर्याय त्यांच्या स्वभावातच बसणारा नव्हता. कुटुंबाच्या ताब्यातली कंपनी, उगाच कोणाला किल्ल्या देत नाहीत.

दुसरा पर्याय, चाललंय तसं चालू द्या, ब्रीफ काढा, मोठ्या कंपन्यांकडून नमुने मागवा, जास्त पैसे टाकून मोठी जाहिरात करा. यात धोका कमी असं वरवर वाटतं, पण ज्यांच्याकडे जाहिरातीला दसपट पैसा आहे त्यांच्याशी त्यांच्याच मैदानावर खेळायचं, तिथे पहिल्या पाच मिनिटातच निकाल लागलेला असतो.

तिसरा पर्याय, घरचा परफ्यूमर ठेवा. म्हणजे एक माणूस पगारावर, जो या घराचे सगळे वास करेल. शनेलकडे ही पद्धत होती, 1978 पासून जाक पोल्ज तिथे बसलेला. गेर्लाँ तर खानदानच परफ्यूमरचं. पण या दोन-तीन जुन्या नावांच्या पलीकडे ही चैन कोणी करत नव्हतं, आणि का करावी? बाहेर स्पर्धा लावली तर डझनभर परफ्यूमर फुकट नमुने देतात. घरचा माणूस ठेवला की एकच नाक, तो आजारी पडला, त्याला सुचलं नाही, त्याची टेस्ट जुनी झाली, तर पूर्ण खातं अडकलं.

माझ्या मते इथला खरा प्रश्न 'कोणाला ठेवायचं' हा नव्हताच, 'झालं, आता बाटलीत भरा' हे कोण म्हणणार हा होता. मार्केटिंगवाले, टेस्टला बसलेले लोक, की वास करणारा माणूस. हे एकदा ठरलं की बाकीचं आपोआप त्या रस्त्याने जातं.

काय केलं

थेट लग्न न लावता त्यांनी आधी एक काम देऊन बघितलं. एर्मेसमध्ये दरवर्षी एक थीम असते, सगळ्या खात्यांनी त्या वर्षी त्याभोवती काम करायचं. 2003 ची थीम भूमध्य समुद्र. काम दिलं जाँ-क्लोद एलेनाला, जो तेव्हा बाहेरचा माणूस होता.

एलेना 1947 चा, ग्रास गावचा, म्हणजे फ्रान्सच्या परफ्यूमची राजधानीच. पोरवयात कारखान्यात कामाला लागला. 1976 मध्ये व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्ससाठी 'फर्स्ट' केलं ते एकदम भरगच्च, दागिन्यांनी मढवलेलं. नंतर मात्र हा माणूस एकेक गोष्ट काढून टाकायला लागला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बुल्गारीसाठी ग्रीन टीचं जे परफ्यूम केलं ते पॅरिसमधल्या मारियाज फ्रेर या चहाच्या दुकानात डबे उघडून वास घेता घेता सुचलं, आणि त्यातला चहा म्हणजे मुख्यतः हेडिओन आणि आयोनोन हे सुगंधी रेणू, चहाची पत्ती कुठेच नाही. त्यानंतर जगभर जे चहाचे परफ्यूम, साबण, हॉटेलचे शाम्पू आले ते सगळे त्याचे नातेवाईक.

त्याची एक ट्रिक बरीच प्रसिद्ध आहे. कागदाच्या दोन पट्ट्या, एकीवर व्हॅनिलीनच्या (व्हॅनिलाचा वास देणारा रेणू) घरातलं काहीतरी, दुसरीवर आयसोब्यूटिल फिनाइलअॅसिटेट, ज्याचा वास एकटा घेतला तर केमिकलसारखा. दोन्ही एकत्र नाकासमोर हलवल्या की चॉकलेट. खऱ्या कोकोमध्ये शेकडो रेणू असतात, याने दोनात भागवलं. बाकीचे परफ्यूमर हजारभर कच्चा माल टेबलावर ठेवतात, याने स्वतःची यादी कापत कापत दोनशेच्या आसपास आणली. हे ऐकायला काटकसर वाटते पण कमी वस्तू असल्या की चूक लपवायला जागाच नसते, एक गोष्ट जास्त झाली की लगेच कळतं.

तर 2003 चं 'अँ जार्दँ आं मेदितेराने', म्हणजे भूमध्य समुद्राकाठची बाग. एर्मेसच्या दुकानांच्या काचेच्या खिडक्या सजवणारी लैला मंशारी, तिची ट्युनिशियात बाग होती, तिथला अंजिराच्या पानाचा वास. फळाचा नाही हं, पानाचा, कडवट हिरवा, चुरगळल्यावर दुधासारखा चीक येतो तो. जाहिरात साधी, परफ्यूम पारदर्शक, आणि लोकांना आवडलं.

मग 2004 मध्ये पुढचं पाऊल. परफ्यूम खात्याची प्रमुख तेव्हा वेरोनिक गोतिए, कंपनीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा. एलेनाला घरचा परफ्यूमर म्हणून घेतलं, आणि त्याच्या कामाची व्यवस्था पॅरिसच्या ऑफिसात न करता ग्रासजवळ काब्री गावात केली. हे तेच गाव जिथे रुदनित्स्का राहायचा, ज्याला एलेना गुरु मानायचा. मार्केटिंगचा माणूस सहज डोकावून 'जरा गोड कर ना' म्हणू शकणार नाही इतकं लांब. मला वाटतं हा निर्णय लोक फार कौतुकाने 'बघा किती रोमँटिक' म्हणून सांगतात, पण तो चक्क ऑफिसच्या राजकारणाचा उपाय होता. कन्झ्युमर टेस्ट पण बंद. वास कधी पूर्ण झाला हे एलेना आणि खात्याची प्रमुख ठरवणार, विषय संपला.

त्याच वर्षी 'एर्मेसांस' नावाची मालिका काढली, पहिली चार एकदम, गुलाब, व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा, मिरी आणि अंबर या चार विषयांवर. ही फक्त एर्मेसच्या स्वतःच्या दुकानात, बाहेरच्या परफ्यूमच्या दुकानात नाही. ही चाल मला फार हुशार वाटते कारण मोठ्या काउंटरवरचा प्रश्नच यात येत नाही. एर्मेसच्या दुकानात आलेला माणूस आधीच शांत झालेला असतो, सेल्सवाली त्याला बसवून एकेक वास देते, त्याला घाई नाही. हळू बोलणाऱ्या परफ्यूमला अशीच खोली लागते.

नाईलचं प्रकरण

खरी परीक्षा 2005 च्या थीमला आली, थीम होती नदी. ठरलं नाईल. म्हणजे नाव आधी, 'अँ जार्दँ सुर ल नील', नाईलवरची बाग, आणि वास नंतर शोधायचा. एलेना, गोतिए आणि बाकी टीम आस्वानला गेली, इजिप्तच्या दक्षिणेला.

आता विचार करा, परफ्यूमवाला इजिप्तला गेला की सगळ्यांच्या डोक्यात काय येणार, चमेली, कमळ, धूप, मसाल्याचा बाजार. एलेना पण डोक्यात तेच घेऊन गेलेला असणार, आणि तिथे चमेलीही होती, मसालेही होते, पण ते सगळं आधीच कोणीतरी करून ठेवलेलं. दिवस जात होते, नाव ठरलेलं, बाटलीचं काम सुरू, आणि हातात वास नाही. मग नाईलमधल्या बेटांवर फिरताना आंब्याची झाडं दिसली, लोंबणाऱ्या कैऱ्या. तोडून हुंगली. झालं.

ही गोष्ट फ्रेंच माणसाला एक्झॉटिक, आपल्याला मात्र घरची. कैरी देठापासून तोडल्यावर जो चीक उडतो, टर्पेंटाइनसारखा झणझणीत, मग खालचा आंबट हिरवा वास आणि मागे एक पुसट गोडवा जो अजून पिकायचा आहे, हे कोकणातल्या पोराला सांगायला लागत नाही. पण परफ्यूमरच्या कपाटात कैरीचा अर्क नावाची बाटली नसते. तो वास दुसऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून उभा करावा लागतो. परफ्यूम लावणाऱ्यांना यात ग्रेपफ्रूट सापडतं, गाजर सापडतं, टोमॅटोचं पान सापडतं, मग कमळ, वेखंड, थोडा धूप, सायकमोरचं लाकूड. मी जेव्हा मनगटावर लावतो तेव्हा पहिली दोनेक मिनिटं खरंच चीक येतो, त्यानंतर कैरी पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी थंड होत जाते, आणि शेवटी लाकूड राहतं. आपल्या पन्ह्याचा गूळ-वेलची प्रकार अजिबात नाही, गोड करायचा मोह त्यांनी टाळला.

इथला निर्णयाचा क्षण कुठला? कैरी सापडली तो नाही. चमेली सोडली तो. नेहमीच्या पद्धतीत 'नाईल' या ब्रीफला चमेली-कमळ-अंबरचा नमुना टेस्टला गेला असता आणि तो चांगल्या मार्काने पास झाला असता, कारण लोकांनी इजिप्तकडून तेच अपेक्षिलेलं असतं. कैरीला टेस्टमध्ये किती मार्क पडले असते देव जाणे. टेस्ट नव्हती म्हणून ती वाचली.

मोठा डाव: तेर देर्मेस

बागांची मालिका छान, एर्मेसांस छान, पण यावर कारखाना चालत नाही. 2006 ला पुरुषांसाठी मोठं लाँच, 'तेर देर्मेस', तेर म्हणजे माती, जमीन. आजूबाजूला सगळा समुद्र चाललेला असताना यांनी जमीन काढली. संत्रं, ग्रेपफ्रूट, मिरी, गारगोटी दगड एकमेकांवर घासल्यावर येतो तसा कोरडा वास, वाळा, सीडर लाकूड. आणि खाली आयसो ई सुपर नावाचा एक सिंथेटिक रेणू, मोठ्या प्रमाणात.

या आयसो ई सुपरबद्दल थोडं थांबतो कारण 'हळू बोलणं' याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. हा रेणू नाकाला लावून हुंगलात तर कधी कधी काहीच येत नाही, मखमली लाकडाचा भास होतो आणि जातो. पण शेजारून जाणाऱ्या माणसाला तो येतो, आणि खूप वेळ येत राहतो. 'तेर' कपड्यावर दुसऱ्या दिवशी पण सापडतं. म्हणजे हे परफ्यूम दुबळं नाही, कमी सामानात केलेलं आहे, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे 'सटल' म्हटलं की दुकानदार पाण्यासारखं काहीतरी हातावर मारतो, त्याने 'तेर' नीट हुंगून बघावं.

आपल्या पावसाचं एक

2008 ची थीम भारत. तेव्हा 'अँ जार्दँ आप्रे ला मुसाँ', म्हणजे पावसानंतरची बाग, प्रेरणा केरळ. आपण पाऊस म्हटलं की पहिल्या सरीचा मातीचा वास मागणार, कनौजला तर भाजलेल्या मातीचं अत्तर शेकडो वर्षं काढतात, देग-भपक्यात म्हणजे तांब्याच्या भांड्यात वाफ काढून, चंदनाच्या तेलात. एलेनाने ते केलंच नाही. त्याने घेतलं पावसानंतरचं गार, पाणी निथळणारं, वेलची, आलं, मिरी, वाळा आणि एक खरबूज-काकडीसारखा पाणचट पदर. बऱ्याच भारतीयांना ते ओळखू आलं नाही, मला स्वतःलाही तो पदर खटकतो, आमरस मागितला आणि खरबुजाचं सरबत आलं असं वाटतं. पण कल्पना म्हणून बरोबर होती, पहिली सर सगळेच पकडतात, याने दोन महिने पडून गेल्यावरची बाग घेतली. त्याच 2008 मध्ये एर्मेसचं भारतातलं पहिलं दुकान दिल्लीला उघडलं, मुंबईत हॉर्निमन सर्कलला 2011 मध्ये. आता फोर्टमध्ये कामाला जाणारा कोणीही आत जाऊन हे हातावर मारून घेऊ शकतो, फुकट, दारावरच्या माणसाकडे बघून घाबरायचं नाही.

निकाल

'तेर' फ्रान्समधल्या पुरुषांच्या सगळ्यात खपणाऱ्या परफ्यूमपैकी एक झालं आणि इतक्या वर्षांनंतरही टिकून आहे. नाईलची बाटली अजून विकली जाते. जाहिरातीत मोठा सिनेमाचा चेहरा न वापरता हे झालं.

दुसरा निकाल धंद्याच्या बाहेर दिसला. एर्मेसनंतर कार्तिएने 2005 मध्ये मातिल्द लोराँला घरचं परफ्यूमर म्हणून घेतलं, दिओरने 2006 मध्ये फ्रांस्वा दमाशीला, लुई व्हितॉनने 2012 मध्ये जाक काव्हालिएला. सगळं एर्मेसचं बघूनच झालं असं म्हणता येणार नाही, पण जे आधी चैन वाटत होतं ते दहा वर्षांत नॉर्मल झालं, आणि परफ्यूमरचं नाव लोकांना माहीत असायला लागलं.

पैशाच्या बाजूने मात्र पाय जमिनीवर ठेवून बघूया. 2023 मध्ये एर्मेसचा एकूण धंदा साधारण 13.4 अब्ज युरो, त्यात परफ्यूम आणि ब्युटी मिळून साधारण 4 टक्के. म्हणजे चामडंच घर चालवतंय. यावरून मला दोन्ही गोष्टी वाटतात, एक म्हणजे इतका संयम त्यांना परवडला कारण परफ्यूमवर पगार अवलंबून नव्हते, आणि दुसरी म्हणजे ज्याचं पोट फक्त परफ्यूमवर आहे त्याने हे मॉडेल जसंच्या तसं उचलू नये. आपल्याकडे सध्या इन्स्टावर रोज एक नवीन परफ्यूम ब्रँड निघतो, त्यातले काही 'मिनिमल' असं लिहितात, त्यांनी आधी हा 4 टक्क्यांचा आकडा वाचावा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, एकाच माणसावर इतकी वर्षं सगळं टाकल्याने एर्मेसचा वास आणि एलेनाचा वास यात फरक राहिला नाही. ग्रेपफ्रूट, मिरी, ते कोरडं लाकूड, पाण्यासारखा पारदर्शकपणा, दहा परफ्यूम ओळीने लावली तर हस्ताक्षर एकच. काहींना हेच हवं असतं. पण घर 1837 चं आणि हस्ताक्षर 2004 चं, हा हिशोब जमत नाही, 'कालेश' आणि '24 फोबुर' ही जुनी मंडळी या काळात बाजूच्या खोलीत बसल्यासारखी झाली. घरच्या परफ्यूमरबरोबर दर दोन-तीन वर्षांनी एखादं काम बाहेरच्या माणसाला दिलं असतं, जसं 2003 मध्ये एलेनाला दिलं होतं, तर हे इतकं झालं नसतं असं मला वाटतं. गंमत बघा, ज्या दारातून तो आत आला तेच दार नंतर बंद झालं.

दुसरी गोष्ट उत्तराधिकारी, आणि इथे त्यांनी बऱ्यापैकी नीट केलं. 2014 मध्ये क्रिस्तीन नाजेलला आणलं, एलेना असतानाच, दोघांनी दोनेक वर्षं बरोबर काम केलं आणि 2016 मध्ये तिने सूत्रं घेतली. 2017 चं तिचं 'ट्विली', आलं, निशिगंध आणि चंदन, हे एलेनाच्या मानाने चांगलंच बोलकं आहे, तरुण पोरींसाठी, बाटलीच्या गळ्यात रेशमी रिबन. जुने भक्त नाराज झाले. मला वाटतं बाईंनी बरोबर केलं, त्याचं हस्ताक्षर गिरवत बसली असती तर ते खातं म्युझियम झालं असतं. फक्त एलेनाच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतच हा आवाज थोडा आत यायला हवा होता, बदल इतका एकदम वाटला नसता.

तिसरी गोष्ट टिकण्याची. बागांच्या मालिकेतली बहुतेक ओ द त्वालेत, म्हणजे हलक्या प्रमाणातली आहेत, पॅरिसच्या एप्रिलमध्ये मस्त, आपल्या मे महिन्यात दादरहून ठाण्याला पोचेपर्यंत संपतात. एवढे पैसे देऊन दुपारी वास नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक चिडणारच, त्याला 'ही कला आहे' सांगून भागत नाही. उष्ण देशात दुकानं उघडणारच होते तर त्याच फॉर्म्युल्याची थोडी जड आवृत्ती ठेवायला हवी होती. 'तेर'चं त्यांनी 2009 मध्ये जास्त घट्ट 'पार्फ्यूम' काढलंच की, आणि ते छान आहे, मग नाईलला का नाही हे मला अजून कळलेलं नाही.

आणि शेवटचं म्हणजे फ्लँकर, हिट परफ्यूमच्या नावाला शेपूट लावून काढलेल्या आवृत्त्या. 'तेर'च्या 2014 मध्ये 'ओ त्रे फ्रेश', 2018 मध्ये 'ओ आंतांस व्हेतिव्हे', 2022 मध्ये 'ओ जिव्रे'. एकेक घेतली तर वाईट नाहीत, व्हेतिव्हे तर मला मूळच्या जवळपास आवडतं. पण हा तोच रस्ता आहे ज्यावरून बाकी सगळे जातात, चाललेलं नाव ताणत राहायचं. काउंटरवर आता चार 'तेर' शेजारी शेजारी उभे असतात, नवीन गिऱ्हाईक विचारतं यातलं खरं कुठलं, आणि सेल्समन पहिल्यांदा सगळ्यात नवीन बाटली उचलतो.